घरातील नैसर्गिक दगडाची फरशी: घासून पूर्ववत करावी की बदलावी?

दगडी फरशीचे तेज उतरले, तिला तडे गेले किंवा ती डागाळली की ती घासून घ्यावी की उखडून नवी घालावी, हा प्रश्न घरात निघतोच. पुढील उत्तरे संगमरवर, चुनखडक, ग्रॅनाइट, वालुकाश्म, स्लेट अशा नैसर्गिक दगडांपुरती आहेत. सिरॅमिक टाइल्सना ती लागू होत नाहीत, कारण त्यांची चकाकी भट्टीत चढवलेल्या झिलईची असते आणि ती एकदा झिजली की घासून परत आणता येत नाही. दगडाचे तसे नसते. तो वरपासून खालपर्यंत एकाच पदार्थाचा असतो, म्हणूनच हा प्रश्न मुळात उद्भवतो.

प्रश्न: निर्णयाची सुरुवात कोठून करावी?

दोष फरशीच्या कोणत्या थरात आहे, हे आधी ठरवावे. ओरखडे, मंदपणा, आम्लाचे चट्टे आणि लाद्यांच्या कडांमधील किरकोळ उंचसखलपणा हे पृष्ठभागाचे दोष आहेत आणि ते घासकामाने जातात. आरपार तडा, दाणे सुटू लागणे, पापुद्रे निघणे हे दगडाच्या अंगातले दोष होत. त्यांपैकी काही दुरुस्त होतात, काही होत नाहीत. तिसरा प्रकार लादीखालचा असतो: माल (लादी बसवण्याचे सिमेंट-वाळूचे मिश्रण) सुटलेला, कोबा (त्याखालचा काँक्रीटचा थर) खचलेला किंवा जमिनीतून ओल वर येणारी. या तिसऱ्या प्रकारात कितीही उत्तम पॉलिश केले तरी तो खर्च पाण्यात जातो, आणि खालचा दोष तसाच ठेवून नवी फरशी घातली तर तीही त्याच वाटेने जाते. म्हणून ‘घासावी की बदलावी’ असे विचारण्याआधी ‘बिघडले आहे ते दगड की त्याखालचे काही’ असे विचारणे अधिक उपयोगाचे ठरते. माझ्या अनुभवात दगड स्वतःहून निकामी झालेला क्वचितच आढळतो.

प्रश्न: आपल्या घरातील दगड कोणता आहे, हे कसे ओळखावे?

नेमके नाव कळले नाही तरी चालेल, पण दगड चुन्याच्या कुळातला आहे की ग्रॅनाइटसारखा सिलिकेटच्या, एवढे कळायलाच हवे. संगमरवर, ट्रॅव्हर्टाइन, तसेच शहाबादी आणि कोटा हे सर्व मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे बनलेले असतात. कपाटाखालच्या किंवा दाराआडच्या एखाद्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात व्हिनेगरचा एक थेंब टाकून काही मिनिटांनी पुसावा. बारीक बुडबुडे आले किंवा थेंबाच्या जागी फिकट, निस्तेज ठिपका उरला, तर दगड चुन्याचा समजावा. ग्रॅनाइटवर असा थेंब काहीच करत नाही. काही संगमरवरांत डोलोमाइट हे खनिज अधिक असते आणि त्यांवर बुडबुडे दिसत नाहीत, तेव्हा शंका असल्यास दुसरी परीक्षा घ्यावी: त्याच कोपऱ्यात पोलादी सुरीच्या टोकाने हलकी रेघ ओढावी. संगमरवरावर ती सहज उमटते, ग्रॅनाइटवर उमटत नाही, उलट सुरीचा धातूच दगडावर घासला जातो.

एक अपवाद लक्षात ठेवावा. ‘हिरवा संगमरवर’ म्हणून विकला जाणारा गडद हिरवा दगड बहुधा सर्पेंटाइन नावाचा वेगळाच दगड असतो. त्याच्या काही प्रकारांना पाण्याशी फारच वाकडे आहे. पाणी मिसळलेल्या मालावर बसवल्यास लादीच्या कडा उचलल्या जाऊन ती ताटलीसारखी वाकते. अशी वाकलेली लादी घासून सपाट केली तरी पुन्हा ओल लागली की पुन्हा वाकते.

प्रश्न: फरशीची चकाकी नेमकी कशाने जाते?

मुख्यतः बुटांना चिकटून आलेल्या वाळूने. खनिजांचा कठीणपणा १ ते १० अंकांत सांगणाऱ्या मोहसच्या काठिण्यश्रेणीत संगमरवरातील कॅल्साइटचे काठिण्य ३ आहे आणि वाळूतील क्वार्ट्झचे ७. म्हणजे दारातून आत येणारे प्रत्येक पाऊल मऊ दगडावर कठीण खडा फिरवत असते. म्हणूनच मंदपणा सर्वत्र सारखा नसतो. मुख्य दारापासून स्वयंपाकघरापर्यंत, सोफ्याला वळसा घालून जाणारी एक वाट पडलेली दिसते. अनेक वर्षे न हललेले कपाट एकदा सरकवून पाहावे. त्याखाली जो चकचकीत चौकोन दिसतो, तोच त्या दगडाचा मूळ चेहरा असतो. बदलण्याच्या निर्णयाप्रत आलेली काही कुटुंबे हा चौकोन पाहूनच विचार बदलतात.

दुसरे कारण आम्ल. लिंबाचा रस, व्हिनेगर, शीतपेये आणि विशेषतः शौचालय साफ करण्याची आम्लयुक्त द्रावणे चुन्याच्या दगडाशी अभिक्रिया करून त्याचा वरचा अतिसूक्ष्म थर विरघळवतात. आमच्याकडे न्हाणीघराच्या उंबऱ्यावर अशा द्रावणाची बाटली ठेवण्याची सवय होती. बाटलीच्या बुडाला लागलेल्या थेंबांनी तेथे एकात एक अडकलेली अर्धवर्तुळे कायमची कोरली गेली. बोट फिरवले की ती हाताला खरखरीत लागत. ती पुसण्यासाठी महिनाभर नाना साबण वापरले, आणि त्यांतला एक साबण स्वतःच आम्लयुक्त निघाला.

प्रश्न: डाग आणि आम्लाचा चट्टा यांत फरक काय?

डाग म्हणजे दगडाच्या छिद्रांत काहीतरी शिरलेले असते, त्यामुळे ती जागा सहसा आजूबाजूपेक्षा गडद दिसते. चट्टा म्हणजे दगडातून काहीतरी गेलेले असते, त्यामुळे ती जागा फिकट आणि निस्तेज दिसते. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण डाग ओढून काढायचा असतो आणि चट्टा घासून.

तेलकट डागासाठी पांढऱ्या शोषक मातीत ॲसिटोनसारखे द्रावक मिसळून त्याचा जाडसर लेप डागावर द्यावा, वर प्लास्टिक चिकटवून २४ ते ४८ तास ठेवावे आणि मग प्लास्टिक काढून तो पूर्ण वाळू द्यावा. वाळताना लेप तेल वर खेचून घेतो. जुन्या डागाला हा प्रयोग दोन-तीनदा करावा लागतो. ॲसिटोन झटकन पेट घेतो, म्हणून खिडक्या उघड्या आणि शेगडी बंद असावी. गंजाचे पिवळे-तपकिरी डाग वेगळे. बाजारातील बहुतेक गंजनाशके आम्लयुक्त असतात आणि डाग काढता काढता संगमरवर खाऊन टाकतात, तर ब्लीचने गंज निघत नाही. पांढरा संगमरवर जागोजाग आतूनच पिवळा पडत असेल, तर त्यातील लोहयुक्त खनिजे ओलीने गंजत असण्याची शक्यता मोठी. तेथे ओल थांबवणे हाच पहिला उपाय, लेप त्यानंतर.

प्रश्न: घासकामात दगडाची जाडी किती कमी होते? फरशी किती वेळा घासता येते?

घरगुती दगडी फरशी साधारण १८ ते २० मिमी जाड असते, तर तयार मापाच्या पातळ लाद्या १० मिमीच्या आसपास असतात. लाद्यांमधील उंचसखलपणा काढून संपूर्ण पातळी एक करणाऱ्या घासकामात साधारण १ ते २ मिमी दगड जातो. केवळ मंदपणा घालवण्यासाठी केलेल्या हलक्या पॉलिशमध्ये त्याचा अगदी लहान अंश जातो. त्यामुळे २० मिमीच्या फरशीला आयुष्यात अनेकदा हलके पॉलिश आणि काही वेळा पूर्ण घासकाम सहज पेलते. १० मिमीच्या लादीच्या बाबतीत मात्र प्रत्येक खोल घासकाम विचारपूर्वक करावे. जाडी पाहण्यासाठी लादी उखडायची गरज नाही. उंबऱ्याची कड, पायरीचे नाक किंवा मोरीच्या जाळीखालची कापलेली बाजू पाहिली की ती समजते.

प्रश्न: घासकामाची पद्धत काय असते?

जड यंत्राच्या फिरत्या तबकड्यांना हिऱ्याच्या चुऱ्याचे तुकडे लावलेले असतात आणि फरशीवर सतत पाणी सोडून ते फिरवले जातात. तुकड्यांना क्रमांक असतात. क्रमांक जितका लहान तितका तुकडा भरड. उंचसखलपणा असेल तर ५०च्या आसपास सुरुवात करून १००, २००, ४००, ८००, १५०० आणि ३००० असे चढत जातात. केवळ मंदपणा असेल तर सुरुवात ४००पासूनही करता येते. प्रत्येक पायरीचे काम मागच्या पायरीचे ओरखडे पुसणे एवढेच असते, त्यामुळे मधला एखादा क्रमांक गाळला की त्याचे ओरखडे शेवटच्या चकाकीखाली तसेच राहतात. दिवसा ते दिसत नाहीत. रात्री दिवा लावला की यंत्राच्या फेऱ्यांची वर्तुळे फरशीवर उमटलेली दिसतात. कारागिराच्या कामाचा कस येथेच लागतो.

भिंतीलगतची पट्टी आणि कोपरे मोठ्या यंत्राला पोहोचत नाहीत. ते हातयंत्राने करावे लागतात. काम घेताना हा भाग ठरावात आहे का, हे विचारून घ्यावे.

प्रश्न: न घासता केवळ पावडर, मेण किंवा रसायन लावून चकाकी येत नाही का?

येते, पण तीन वेगळ्या गोष्टी येथे एकाच नावाखाली विकल्या जातात. मेण किंवा ॲक्रिलिकचा थर ही दगडावर बसवलेली चकाकी आहे; ती लवकर येते, लवकर झिजते, कालांतराने पिवळी पडते आणि ओलसर फरशीवर लावल्यास आतील वाफ अडवून पांढुरके ठिपके आणते. ऑक्झॅलिक आम्लाच्या पावडरीने केलेले पॉलिश चुन्याच्या दगडावर खरोखर परिणाम करते, पण आधीचे घासकाम नीट झाले असेल तरच ते शोभते. क्रिस्टलायझेशन या पद्धतीत फ्लुओसिलिकेट मिसळलेले द्रावण फवारून त्यावर पोलादी लोकरीची तबकडी फिरवतात. उष्णता आणि दाबाने दगडातील कॅल्शियमशी अभिक्रिया होऊन अधिक कठीण असा पातळ थर तयार होतो. तो चुन्याच्या दगडावरच होतो. ग्रॅनाइटवर क्रिस्टलायझेशन करून देतो म्हणणाऱ्याने दगड तरी ओळखलेला नसतो किंवा ग्राहकाला तरी.

प्रश्न: चालताना किंवा ठोकल्यावर लादी पोकळ वाजते. ती बदलावीच लागेल का?

पोकळ आवाज म्हणजे लादीखाली कोठेतरी माल पोहोचलेला नाही, एवढेच. लाकडी मुठीने खोलीभर लाद्या ठोकाव्यात आणि पोकळ वाजणाऱ्यांवर खडूने खूण करावी. चित्र पुरे झाले की पुष्कळ गोष्टी उलगडतात. लाद्यांचे केवळ कोपरे पोकळ वाजत असतील आणि त्या हलत नसतील, तर गवंड्याने माल नीट पसरला नव्हता, बाकी काही नाही. अशा लाद्या वर्षानुवर्षे टिकतात. पाय दिला की हलणारी, दरजांतील (लाद्यांमधील सांध्यांतील) सिमेंट चुऱ्यासारखे बाहेर टाकणारी लादी मात्र घासकामाआधी पक्की करावीच लागते, कारण जड यंत्राखाली ती फुटते. अशा लादीला दरजेतून बारीक छिद्रे पाडून पातळ इपॉक्सी भरता येते किंवा ती अखंड काढून पुन्हा बसवता येते. खोलीतील निम्म्याहून अधिक लाद्या हलत असतील, तर एकेक लादी वाचवण्याचा हट्ट सोडावा.

मोठ्या खोलीत मधल्या दोन ओळी तंबूसारख्या वर उचलल्या गेल्या असतील, तर भिंतीलगत प्रसरणासाठी फट ठेवलेली नाही, असे बहुधा आढळते. दगड चांगला असतो. त्याला सरकायला जागा नसते.

प्रश्न: तडे गेलेली फरशी दुरुस्त होते का?

एकाच लादीतील तडा, विशेषतः काहीतरी जड पडून गेलेला, दगडाच्या रंगाच्या इपॉक्सीने किंवा पॉलिएस्टर लांबीने भरून वरून घासला की बराचसा लपतो. पूर्ण नाहीसा होत नाही, हे आधीच मान्य करावे. पण तडा एका लादीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असा सरळ पुढे जात असेल, तर तो दगडाचा नसून खालच्या कोब्याचा किंवा स्लॅबचा आहे. त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून शेजारी तारीख लिहावी आणि काही महिने पाहावे. खूण ओलांडून तो पुढे सरकला, किंवा भेगेच्या दोन बाजूंच्या पातळीत फरक पडला, तर आधी बांधकामाच्या जाणकाराला दाखवावे. फरशीचा विचार त्यानंतर.

संगमरवरातील प्रत्येक रेघ म्हणजे तडा नव्हे. नखाने आडवे ओढून पाहावे. नख अडले तर भेग, न अडता गेले तर ती दगडाची नैसर्गिक शीर.

प्रश्न: दरजांतून पांढरी भुकटी वर येते. घासल्यावर ती थांबेल का?

नाही. तो लोणा आहे. खालून येणाऱ्या पाण्याबरोबर क्षार वर येतात, पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. ते पृष्ठभागावर साठतात तोवर केवळ कुरूप दिसतात. दगडाच्या छिद्रांत, पृष्ठभागाच्या किंचित खाली त्यांचे स्फटिक वाढू लागले की दगडाचे टवके उडतात. अशा फरशीवर सीलर (दगडाची छिद्रे बुजवणारे द्रावण) किंवा मेणाचा थर चढवला तर क्षार नेमके आतच अडकतात, म्हणजे बिघाड उलट वाढतो.

ओलीची एक सोपी चाचणी आहे. सुमारे ४५ सेंमी चौरस पारदर्शक प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने पक्के बसवून किमान १६ तास ठेवावे. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव साचले किंवा खालचा दगड गडद झाला, तर खालून ओल येत आहे. मग गळकी नळजोडणी, मोरीचे वॉटरप्रूफिंग, भिंतीबाहेर साचणारे पाणी असे एकेक कारण तपासावे. कारण दूर झाल्यावर फरशी वाळायला कित्येक आठवडे लागू शकतात. या काळात भुकटी कोरड्या ब्रशने झाडावी; पाण्याने धुतल्यास क्षार विरघळून पुन्हा आत जातात.

प्रश्न: सगळी फरशी न उखडता काहीच लाद्या बदलता येतील का?

येतात, पण रंग जुळणे हीच खरी अडचण असते. एकाच खाणीतील दगडही थर बदलला की छटा बदलतो, आणि जुन्या फरशीवर वापराचा म्हणून एक रंग चढलेला असतो. म्हणून नवी लादी दर्शनी जागी बसवू नये. पलंगाखालची, कपाटाखालची किंवा माळ्यावर उरलेली जुनी लादी दर्शनी जागी आणावी आणि नवी लादी तिच्या रिकाम्या जागी दडवावी. लादी अखंड काढायची असेल तर आधी चारही दरजा कापून घ्याव्या लागतात, आणि तरीही काही फुटतात. सगळ्या लाद्या बसल्यावर खोली एकत्र घासली की जुन्या-नव्यातील पातळीचा फरक निघून जातो.

प्रश्न: ग्रॅनाइटची फरशी घरातच पुन्हा पॉलिश होते का?

होते, पण ग्रॅनाइटमधील क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार यांचे काठिण्य ६ ते ७ असल्याने काम संथ आणि महाग पडते, आणि कारखान्यातली चकाकी जागेवर मिळवणे कठीण असते. सुदैवाने ग्रॅनाइट सहसा मंद होत नाही. मंद दिसतो तो साबणाच्या साठलेल्या थरामुळे. घासण्याआधी तो थर गरम पाणी आणि अल्कधर्मी द्रावणाने काढून पाहावा. बहुतेक वेळा पुढे काहीच करावे लागत नाही.

प्रश्न: स्लेट, वालुकाश्म आणि मोझॅक यांचे काय?

स्लेट थरांचा बनलेला असतो आणि पापुद्रे निघू लागले की घासून उपयोग नसतो. सुटे पापुद्रे काढून सील करावे किंवा ती लादी बदलावी. वालुकाश्माला चकाकी येत नाही, तिची अपेक्षाच करू नये. मोझॅक म्हणजे सिमेंटमध्ये बसवलेले संगमरवराचे तुकडे. ते उत्तम घासले जाते, पण तुकड्यांचा वरचा थर मर्यादित असतो आणि तो संपला की खाली नुसते सिमेंट लागते.

प्रश्न: जुनी फरशी न काढता तिच्यावरच नवी बसवली तर?

तोडफोड वाचते म्हणून हा पर्याय लोकप्रिय आहे, आणि जुनी फरशी पक्की, कोरडी व सपाट असेल तर तो चुकीचाही नाही. गंमत अशी की जुनी फरशी इतकी पक्की असेल, तर बहुधा ती घासूनही भागले असते. तीन गोष्टी मात्र आधी मोजाव्यात. पहिली उंची: नव्या थराने फरशी ३० मिमी वर आली तर दारे खालून कापावी लागतात, मोरीचा उंबरा बुटका होऊन पाणी बाहेर येऊ शकते आणि जिन्याची पहिली पायरी इतरांपेक्षा ३० मिमीने कमी उंच होते. वरच्या मजल्यावर असे केले तर शेवटची पायरी तेवढीच उंच होते. पायऱ्यांच्या उंचीतील असा फरक डोळ्यांना कळत नाही, पण पायाला ठेच लागते. दुसरी वजन: २० मिमी जाड दगडाचे वजन दर चौरस मीटरला ५० किलोहून अधिक असते आणि त्याखाली ४० मिमी मालाचा थर धरला तर ते १३० किलोच्या पुढे जाते, जुन्या स्लॅबवर हा भार टाकण्याआधी अभियंत्याचे मत घ्यावे. तिसरी चिकट: चकचकीत जुन्या दगडावर साधा माल धरत नाही, पृष्ठभाग खरबरीत करून योग्य चिकटद्रव्य वापरावे लागते.

प्रश्न: कोणत्या परिस्थितीत बदलणेच शहाणपणाचे ठरते?

लाद्या मोठ्या प्रमाणावर हलत असतील, फरशीखालची नळजोडणी किंवा वॉटरप्रूफिंग नव्याने करण्यासाठी ती एरवीही उखडावीच लागणार असेल, दगडाचे दाणे साखरेसारखे हाताला येत असतील, किंवा पातळ लादी आधीच अनेकदा घासली गेलेली असेल, तर बदलावी. रंगच आवडत नसेल तर तेही कारण पुरेसे आहे. फक्त त्याला दुरुस्तीचे नाव देऊ नये.

प्रश्न: काम चालू असताना घरात राहता येते का?

पाणी सोडून केलेल्या घासकामात धूळ उडत नाही, पण राखाडी चिखल होतो आणि भिंतींवर वीतभर शिंतोडे येतात. भिंतींना प्लास्टिक लावून घ्यावे. हा चिखल मोरीत मुळीच सोडू नये, तो नळीत बसून सिमेंटसारखा घट्ट होतो. एकेक खोली रिकामी करून काम घेतले तर राहता येते. उखडण्याच्या कामात तसे नसते. कोरड्या कापणीत, विशेषतः ग्रॅनाइट आणि वालुकाश्माच्या, सिलिकाची बारीक धूळ उडते आणि ती फुप्फुसांना कायमची इजा करते. कारागिरांनीही योग्य मुखवट्याशिवाय आणि पाण्याशिवाय कापू नये, असा आग्रह घरमालकाने धरावा.

प्रश्न: कारागीर निवडताना काय पाहावे?

सर्वांत मंद भागात अर्धा मीटर चौरसाचा नमुना करून मागावा आणि तो ओला असताना पसंत करू नये. ओला दगड नेहमीच सुंदर दिसतो. पूर्ण वाळल्यावर, रात्री, विजेरी फरशीवर आडवी ठेवून तिच्या प्रकाशात तो पाहावा. चकाकी किती हवी हेही याच नमुन्यावर ठरवावे. न्हाणीघरात किंवा वृद्ध माणसे वावरतात तेथे आरशासारखे पॉलिश ओले झाल्यावर घसरते. तेथे ४००च्या आसपास थांबवलेला मॅट पृष्ठभाग बरा.

प्रश्न: घासल्यानंतर सीलर लावणे आवश्यक आहे का?

दगडावर पाण्याचा थेंब टाकून १० ते १५ मिनिटे थांबावे. जागा गडद झाली तर दगड शोषक आहे आणि आत मुरणारा सीलर उपयोगी पडेल. न झाल्यास तो लावून फारसे साधत नाही. सीलर डाग मुरायला वेळ लावतो, आम्लाचा चट्टा मात्र थांबवत नाही. फरशी पूर्ण कोरडी झाल्याशिवाय तो लावू नये, आणि मुरल्यावर वर उरलेला भाग लगेच पुसून घ्यावा, अन्यथा तो चिकट पापुद्रा होऊन बसतो. पुढे रोजच्या पुसण्यासाठी साधे पाणी आणि आठवड्यातून एकदा आम्लही नाही, अल्कही नाही असे उदासीन द्रावण पुरते. दाराबाहेर एक आणि दाराच्या आत एक असे दोन पायपोस ठेवावेत, आणि आतला पायपोस उचलून त्याखालची वाळूही झाडावी.